अठ्ठावीस चोक

डॉक्टर मुजावरांनी पाकिटाच्या पाठीवर वजाबाकी मांडली:
दोनशे वीस वजा त्रेसष्ट.
मग स्वतःच खोडली.
"हा सगळ्यांचा हिशेब, वैजयंताबाई.
तुमची गोळी ठोके आधीच खाली धरून ठेवते.
तुमचा आकडा पट्ट्यावरच्या तपासणीतून काढू."

तो पट्टा! अंगाला डकवलेल्या वायरी,
रस्ता पायाखालून मागे पळतोय आणि आपण तिथेच,
समोर मागच्या वर्षीचं कॅलेंडर.
सातव्या मिनिटाला कागदावरची एक रेघ खाली वाकली.
मला काहीच कळलं नाही.
रेघेला कळलं.
म्हणून माझी वेस: एकशे बारा.

लेकाने पाठवलेलं घड्याळ मनगटात सैल होतं,
चढावर भलतंसलतं बोलतं.
मी आपली अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं टेकवते,
पंधरा सेकंद मोजते, वर चोक.
अठ्ठावीस चोक बारोत्तरशे.
स्वारगेट डेपोच्या स्टोअरला एकतीस वर्षं
फॅनबेल्ट, फिल्टर, नटांची पोती मोजली,
आता अठ्ठावीसपर्यंत मोजायचं तर
बोटं थरथरतात.

"चालताना बोलता आलं पाहिजे," डॉक्टर म्हणाले होते,
"गाता आलं तर फारच रमतगमत चाललात."
गाणं मला कधीच जमलं नाही. मी पाढे म्हणते.
तळजाईच्या पायथ्याला एकोणतीसाचा घेते,
गिरिपुष्पाच्या झाडांपाशी सत्त्याऐंशी, सोळोत्तरशे,
आणि जिथे 'एकोणतीस सक' नंतर
श्वास घ्यायला तोंड उघडावं लागतं
तिथे एक सपाट दगड आहे.
त्या दगडावर बसते.
दगड झिजलाय. म्हणजे मी पहिली नव्हे.

सुरुवातीला बसायची लाज वाटायची.
पोरंसोरं भराभर वर, जोडपी वर,
ऑक्सिजनची नळी सोडल्यासारखे फुसफुसत
माझ्याहून म्हातारे, तेही वर.
मग शिर्के ड्रायव्हर आठवले, सातारा गाडीचे,
कात्रजच्या घाटात काटा लालकडे सरकला
की गाडी कडेला लावून खुशाल विडी ओढायचे.
पॅसेंजर ओरडायचे, हे म्हणायचे,
"गाडीला थांबायची लाज नसते, बाबांनो,
ती माणसाला."

काल एक पोरगा आला धावत, टकलावर फडकं बांधलेलं,
घड्याळ किंचाळतंय.
माझ्या दगडाशी येऊन एकदम पांढरा पडला.
"बस. वय?"
"चौ... चौतीस."
त्याचा हात घेतला. पंधरा सेकंदांत अठ्ठेचाळीस.
अठ्ठेचाळीस चोक
मला बोटांवर करावं लागलं. एकशे ब्याण्णव.
"छातीत दुखतंय? हात जड? गरगरतंय?"
तो मान हलवत राहिला, नाही, नाही,
मग थोडं थांबून, "गरगरतंय."
"मग आज पुरे. पाढा म्हण एखादा."
"मराठीतून येत नाहीत, काकू."
"दोनचा?"
बे एके बे.
बे दुणे
आणि श्वास.
बे त्रिक
आणि श्वास.

बे दाहे वीसपर्यंत यायला चार मिनिटं लागली.
तोवर कुठेतरी मोर ओरडला, दोन बायका
कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत खाली उतरल्या
(बोलत होत्या, म्हणजे ठीक चालल्या होत्या),
आणि त्याच्या ओठांना रंग आला.
पुन्हा मोजलं: सव्वीस.
"ऑफिसात स्पर्धा आहे," तो म्हणाला,
"कोण किती जाळतं त्याची."
"डॉक्टरला दाखव आधी. गरगरलं ते सांग. लपवू नकोस."
तो हो म्हणाला. सांगेल की नाही देव जाणे.
हळूहळू खाली गेला, वळणावर
एकदा धावायला पाय उचलला
आणि परत खाली ठेवला.

मी माझी नाडी धरली.
त्याच्या धास्तीने तीही एकतीसवर पोचली होती,
बसल्या जागी, चढ न चढता.
हे डॉक्टरांच्या पाकिटावर नव्हतं.

वर देवळातली घंटा वाजली.
दगडावरून ती स्पष्ट ऐकू येते.
एकोणतीस साते दोनशे तीन,
म्हटलं, पुरं म्हटलं, मध्ये न तुटता,
आणि खाली निघाले.